तुरुंग, पगार, बिजागरी: मराठीत मुरलेल्या पोर्तुगीज शब्दांची पार्श्वभूमी

मराठीतले परके शब्द म्हटलं की गाडी फारसी नाहीतर इंग्रजीवर जाते. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाचा, म्हणजे कारभारातल्या परक्या शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या कोशाचा, रोखही फारसीवरच होता, पेशव्याचा मुख्यप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, तरी पुढच्या शतकात लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले. पोर्तुगीज शब्दांकडे मात्र कुणी फारसं वळूनच बघितलं नाही, आणि मला तरी हाच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

गोवा 1510 मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं, वसई 1534 मध्ये, ती मराठ्यांकडे परत आली थेट 1739 ला. एवढ्या काळात चावी, बिजागरी, घमेलं, परात, पाव, पिंप, लिलाव असे शब्द कारागिरांच्या आणि बाजारातल्या बोलण्यातून सरळ घरात शिरले. पगार तर पोर्तुगीजमध्ये क्रियापद आहे, पैसे चुकते करणं, आपण त्याचं नाम करून टाकलं.

खरा गुंता आहे तो तुरुंगाचा. संस्कृतात तुरंग म्हणजे घोडा, त्यामुळे शब्द अगदी आपलाच वाटतो, पण घोड्याशी त्याचा काही संबंध नाही. मूळ शब्द त्रोंको, म्हणजे झाडाचं खोड. जाड ओंडक्याला भोकं पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवायचे, त्या ओंडक्यालाही त्रोंकोच म्हणायचे, आणि मग जिथे हा ओंडका ठेवलेला असे त्या जागेलाच ते नाव पडलं. आपल्याकडेही खोड आणि खोडा अशीच जोडी आहे, 'कामात खोडा घालू नको' म्हणतो तो हाच पाय अडकवायचा खोडा. दोन भाषांमध्ये एकच कल्पना, पण इमारतीला नाव मिळालं ते पोर्तुगीजांचं.

1920 च्या दशकात रत्नागिरीतून सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने जोर धरला, दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द रुळले आणि ते चांगलेच आहेत, वाद नाही. पण तारखेला परकी ठरवून हटवायचं आणि पगार, चावीबद्दल तेवढी ओरड नाही, असं का? मला वाटतं, जे शब्द परके दिसत होते त्यांच्यावरच हत्यार उगारलं गेलं, कारण फारसीमागे जुन्या राजवटीची आठवण होती आणि घमेल्यामागे काहीच नव्हती. कारागृह हा पर्याय होताच, तो सरकारी पाट्यांवर गेलाही, आज फाटकावर 'मध्यवर्ती कारागृह' लिहिलेलं असतं आणि आत ड्युटीवर असतो तो तुरुंगाधिकारी.