‘बिकम’, ‘टर्न’, ‘गो’ आणि त्यांच्या मागे येणारी नामे: इंग्रजीतल्या ‘होण्या’ची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात वडिलांच्या कामाविषयी दहा ओळी लिहून आणल्या. वडील सूत रंगवण्याच्या कारखान्यात आहेत. निळीच्या हौदातून बाहेर काढलेली सुताची लडी आधी पिवळसर हिरवी दिसते आणि हवा लागताच निळी होत जाते, हे तिने जवळून पाहिले होते. तिने लिहिले होते, ‘द यार्न बिकेम अ ब्लू’. मी त्यातला ‘अ’ खोडला. दोनच ओळींनंतर ‘टर्न्ड अ डीप ब्लू’ असे आले आणि तिथला ‘अ’ मी तसाच ठेवला. “सर, इथं चालतो, मग तिथं का नाही?” असे तिने विचारले. ‘अशी पद्धत आहे’ एवढ्यावर हा प्रश्न मिटवणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही, कारण त्यामागे हजार वर्षांचा इतिहास आहे.

मराठीत बदल सांगायला ‘होणे’ पुरते. सूत निळे होते, मुलगा शिक्षक होतो, दुधाचे दही होते. मागे विशेषण आहे की नाम, याची क्रियापदाला फिकीर नसते. आमच्या वर्गात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुले बरीच असतात, आणि त्यांच्याही भाषांत ‘टीचर अय्याडू’, ‘शिक्षकनादनु’ एवढ्यावर काम भागते. यांपैकी एकाही भाषेत इंग्रजी ‘अ’सारखे उपपद नामाआधी सक्तीने लावावे लागत नाही. ‘ही बिकेम टीचर’ ही आपल्याकडची सर्वांत सामान्य चूक तिथूनच येते.

ही चूक एके काळी इंग्रजीतली शुद्ध रचना होती. अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत ‘होणे’ या अर्थाचे मुख्य क्रियापद ‘वेओर्थान’ हे होते. जर्मन भाषेतले ‘वेर्डेन’ हे त्याचे सख्खे भावंड, आणि संस्कृतातला ‘वृत्’ धातू त्याच घराण्यातला. म्हणजे आपण ज्याला ‘परिवर्तन’ म्हणतो त्यातला ‘वर्त’ आणि इंग्रजीतले हे हरवलेले क्रियापद एकाच मुळाचे आहेत, आणि त्या मुळाचा अर्थ ‘वळणे’ असा होता. जुन्या इंग्रजीत ‘अ’ हे उपपद अजून तयार झालेले नव्हते. ‘तो राजा झाला’ हे वाक्य आपल्यासारखेच, नाम नुसते ठेवून होत असे. मध्ययुग संपेपर्यंत हे क्रियापद प्रचारातून गेले. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ‘वो वर्थ द डे’, म्हणजे ‘त्या दिवसाचे वाटोळे होवो’, अशा शब्दांत त्याचा अवशेष तेवढा उरला आहे.

रिकाम्या झालेल्या जागेवर मुख्यतः ‘बिकम’ आले. त्याचा मूळ अर्थ ‘येऊन पोहोचणे’ असा होता. त्यातला ‘कम’ हा संस्कृत ‘गम्’चा नातलग आहे. पोहोचण्याचा अर्थ हळूहळू ‘एखाद्या अवस्थेला पोहोचणे’ आणि मग नुसता ‘होणे’ असा झाला. जर्मनमध्ये याच घडणीचा ‘बेकोमेन’ हा शब्द ‘मिळणे’ या अर्थाकडे वळला, आणि दोन्ही भाषा शिकणाऱ्यांची त्यामुळे आजही फसगत होते. ‘व्हॉट बिकेम ऑफ हिम’, म्हणजे ‘त्याचे पुढे काय झाले’, या विचारण्यात मला त्या जुन्या प्रवासाचा माग अजून दिसतो.

याच सुमारास ‘एक’ या अर्थाचा ‘आन’ हा शब्द झिजून ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ झाला आणि मोजता येणाऱ्या एकवचनी नामाला त्याची गरज पडू लागली. शिक्षक अनेक असतात, म्हणून ‘बिकेम अ टीचर’. राजा किंवा अध्यक्ष एका वेळी एकच असतो. ते व्यक्तीपेक्षा पदाचे नाव ठरते आणि ‘बिकेम किंग’, ‘बिकेम प्रेसिडेंट’ अशी जुनी उपपदहीन रचना तिथे टिकून राहिली.

‘टर्न’ची गोष्ट अधिक वेधक आहे. हा शब्द लॅटिनमधून आला, आणि त्याच्या मुळाशी लाकूड फिरवून घडवणाऱ्या कातार्‍याचे यंत्र आहे. म्हणजे ‘वळणे’ या अर्थाचे एक क्रियापद गमावल्यावर इंग्रजीने त्याच कल्पनेचे दुसरे क्रियापद ‘होणे’साठी कामाला लावले. मात्र ‘टर्न’मध्ये पाठ फिरवल्याची छटा राहिली. ‘टर्न्ड ट्रेटर’ म्हणजे फितूर झाला. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘टर्न टर्क’, म्हणजे आपला धर्म किंवा पक्ष सोडणे, असा प्रयोग आहे. इथे नामाला ‘अ’ लागत नाही, कारण त्या नामाने अनेकांतला एक माणूस दाखवायचा नसतो. माणसाने कोणती बाजू घेतली एवढेच सांगायचे असते, आणि त्यामुळे नाम जवळजवळ विशेषणासारखे वागते. इंग्रजी वर्तमानपत्रांत रोज दिसणारे ‘अ‍ॅक्टर टर्न्ड पॉलिटिशियन’ हे याच साच्यातले आहे. माणूस किंवा वस्तू मुळापासूनच दुसरे काही होत असेल तर मात्र ‘इंटू’ची मदत घ्यावी लागते: राजपुत्राचा बेडूक होतो तेव्हा तो ‘टर्न्स इंटू अ फ्रॉग’.

‘ग्रो’चे मूळ उगवण्या-वाढण्याशी जोडलेले आहे. ते विशेषणे सहज घेते, पण नामापर्यंत जायला त्यालाही ‘इंटू’ लागते. ‘गेट’ हा स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतला शब्द. ‘मिळवणे’ हा त्याचा अर्थ इतका पक्का राहिला की ‘ही गॉट अ टीचर’ म्हटले तर त्याला शिक्षक मिळाला असेच समजले जाते. ‘फॉल’ मात्र आपल्याला परके वाटू नये. ‘फेल इल’ म्हणजे आजारी पडला, आणि ‘फेल व्हिक्टिम’ म्हणजे बळी पडला. दोन्ही भाषांत पडण्याचेच क्रियापद आणि दोन्हीकडे नाम नुसते. मराठीने हे इंग्रजीकडून घेतलेले नाही. नको असलेला बदल खाली पडण्यासारखा वाटतो, हे दोन्हीकडच्या माणसांना आपापले सुचलेले दिसते. ‘गो’सुद्धा बहुधा बिघाडाकडे नेते, जसे आपण ‘कुजून गेले’, ‘वाळून गेले’ म्हणतो.

‘गो’ आणि ‘टर्न’ या दोघांना रंगांच्या बाबतीत ‘अ’ लागलेले नाम घेण्याची एक खास मुभा आहे, आणि विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. ‘टर्न्ड ब्लू’मधला ‘ब्लू’ हे विशेषण आहे, त्याला उपपद लागण्याचे कारण नाही. ‘अ डीप ब्लू’मध्ये मात्र ‘ब्लू’ हे नाम झाले आहे: निळ्यांच्या अनेक प्रकारांपैकी एक. ‘अ’ हा मुळात ‘एक’च आहे, आणि तो कोणता एक ते ‘डीप’ सांगतो. तो सांगणारा शब्द काढून घेतला तर ‘टर्न्ड अ ब्लू’ किंवा ‘वेंट अ कलर’ असे लंगडे वाक्य उरते. ‘वेंट अ फनी कलर’, म्हणजे ‘भलताच रंग आला’, हे मात्र पूर्ण आणि रोजच्या बोलण्यातले आहे. वर्णन करणारा शब्द इथे शोभेचा नाही. नामाला उभे राहायला त्याचाच आधार आहे.

हे फळ्यावर मांडत असताना तिने मला मध्येच थांबवले. “पप्पांकडं नुसतं निळा म्हणून कुणी ऑर्डर देत नाही सर, शेड कुठली ते आधी विचारतात.” मग तिने वही ओढून घेतली आणि खोडलेल्या ओळीत ‘बिकेम’च्या जागी ‘टर्न्ड’ लिहिले, माझा काट मारलेला ‘अ’ पुन्हा गिरवला आणि त्याच्यापुढे ‘डार्क’ हा शब्द घातला.