लाइन लीडर : कारखान्यातील गटप्रमुख आणि त्याची घडण

उत्पादन विभागात साधारण पाच ते दहा कामगारांच्या गटाचे काम पाहणारा, बहुधा त्यांच्यातूनच वर आलेला कामगार म्हणजे लाइन लीडर. काही ठिकाणी त्याला टीम लीडर किंवा सेल लीडर म्हणतात. त्याच्या वर सुपरवायझर, सुपरवायझरच्या वर शिफ्ट इंजिनिअर. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर-अंबड, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत हे पद सर्रास दिसते. माणूस घेणे, काढणे किंवा पगार ठरवणे यांपैकी काहीच सहसा त्याच्या हातात नसते. रजेच्या अर्जावरही त्याची चालते ती फक्त शिफारस. मात्र पाळीचा आकडा निघाला नाही की पहिला प्रश्न त्यालाच येतो. अधिकार तुटपुंजा आणि जबाबदारी पुरेपूर, यातून वाट काढायच्या सवयींनाच व्यवहारात ‘लीडरचे गुण’ म्हणतात. या सवयी शिकवता येतात, आणि त्या शिकवण्याची पद्धत ऐंशीहून अधिक वर्षांची जुनी आहे.

जॉबर ते लीडर

मुंबईच्या कापड गिरण्यांत ही जागा जॉबरची होती. जॉबर माणसे भरती करी, बदलीवाल्यांना (गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर येणाऱ्यांना) काम देई, त्याबद्दल दस्तुरी म्हणजे दलाली घेई आणि गरजेला उसने पैसेही देई. पोट त्याच्या हातात असल्याने लोक त्याचे ऐकत. भारतातील कामगारांची स्थिती पाहणाऱ्या व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालाने या पद्धतीवर कडक टीका केली. मुंबईच्या गिरणी मालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रणाची योजना आणली आणि जॉबरची पकड हळूहळू ढिली होत गेली. भरतीची ताकद काढून घेतल्यावर गटप्रमुखाचे ऐकायचे कशासाठी, हा प्रश्न मात्र उरला.

त्याचे सर्वांत नेटके उत्तर अमेरिकेत १९४० मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी कार्यक्रमाने दिले. युद्धसाहित्याच्या कारखान्यांत नवखे कामगार लोंढ्याने येत होते आणि त्यांना शिकवणारे हात कमी होते. या कार्यक्रमाने गटप्रमुखाच्या पाच गरजा मांडल्या: कामाचे ज्ञान, जबाबदारीचे ज्ञान, शिकवण्याचे कौशल्य, पद्धत सुधारण्याचे कौशल्य आणि माणसे सांभाळण्याचे कौशल्य. पहिल्या दोन गोष्टी प्रत्येक कारखान्याच्या वेगळ्या, त्या तिथेच मिळतात. उरलेल्या तिन्हींसाठी दहा-दहा तासांचे वर्ग बांधले गेले: रोज दोन तास, पाच दिवस, एका वर्गात साधारण दहा जण. कार्यक्रम १९४५ मध्ये बंद झाला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटाने तो आपल्या पद्धतीत मुरवून घेतला. आज आपल्याकडच्या कारखान्यांत लीडरला जे शिकवले जाते, त्यातले बरेच याच वाटेने आले आहे.

शिकवता येणे

या वर्गांतले एक प्रात्यक्षिक अजूनही केले जाते. दिव्याच्या दुहेरी वायरला मारायची एक गाठ असते. प्रशिक्षक ती एकाला नुसती तोंडी सांगतो, त्याला जमत नाही. दुसऱ्याला न बोलता फक्त करून दाखवतो, त्यालाही जमत नाही. मग चार पायऱ्यांनी शिकवतो: माणसाला तयार करणे, काम दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. ‘दोनदा सांगितलं, तरी याच्या डोक्यात शिरत नाही’ ही लाइनवरची नेहमीची तक्रार यापुढे टिकत नाही.

पहिल्या पायरीत शिकणाऱ्याला काय येते ते विचारायचे आणि त्याला योग्य बाजूला उभे करायचे. समोरासमोर उभा केला तर त्याला सगळे उलटे दिसते. दुसऱ्या पायरीत एका वेळी एकच टप्पा दाखवायचा: आधी टप्पे, मग मर्माचे मुद्दे, मग त्यामागची कारणे. तिसऱ्यात त्याला काम करता करता तेच मुद्दे बोलून दाखवायला लावायचे. हात बरोबर चालतो पण तोंडातून कारण निघत नाही, तर तो नक्कल करतो आहे असे समजावे. चौथ्यात मदतीला कोणाकडे जायचे त्याचे नाव सांगायचे, आणि पाहणीच्या फेऱ्या आधी वारंवार, मग कमी.

यासाठी लीडरने प्रत्येक कामाचा तक्ता आधी लिहून काढावा लागतो. साधा बोल्ट आवळण्याचे काम घेऊ. पहिला टप्पा, बोल्ट बसवणे. मर्म: पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवायचे. कारण: बोल्ट तिरका लागला आणि तसाच गनने (बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राने) चढवला, तर आटे मरतात आणि अख्खे हाउसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, रिजेक्ट होते. दुसरा टप्पा, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेला जोर लागला की ‘टक्’ वाजणाऱ्या पान्याने, आवळणे. मर्म: ‘टक्’ झाले की थांबायचे. कारण: त्यानंतरची प्रत्येक ओढ जास्तीची असते, आणि ताणलेला बोल्ट कारखान्यात नव्हे, रस्त्यावर तुटतो. तिसरा टप्पा, मार्करची खूण. मर्म: खूण आवळल्यानंतरच. चारही बोल्टना आधी खुणा करून मग आवळणारा ऑपरेटर प्रत्येक कारखान्यात सापडतो, आणि न आवळलेला बोल्ट नेमका त्याच्याच पेटीतून ग्राहकाकडे जातो. तक्ता लिहायला बसले की लक्षात येते, निष्णात ऑपरेटरलाही आपण हात नेमका कुठे थांबवतो ते सांगता येत नाही. म्हणून तक्ता मशीनशेजारी उभे राहून लिहावा, ऑफिसात बसून नाही.

नेहमीची चूक

सर्वांत वेगवान ऑपरेटरलाच लीडर करण्याची प्रथा आहे. निवड चुकीची नाही, पण पुढे घोटाळा ठरलेला असतो: लाइन अडली की तो स्वतः मशीनवर बसतो. समजा, नऊ स्टेशनची, म्हणजे ओळीने नऊ कामाच्या जागांची, लाइन आहे आणि प्रत्येक नगाला ५० सेकंद धरले आहेत, म्हणजे तासाला ७२ नग. चौथ्या स्टेशनवरच्या नव्या मुलाला ५८ सेकंद लागतात, तर तासाला ६२ च निघतात. साडेसात तासांच्या निव्वळ पाळीत ५४० च्या जागी ४६५. लीडर चौथ्यावर बसला की आकडा लगेच जुळतो, सुपरवायझरही खूश. पण तेवढ्या वेळात उरलेली आठ स्टेशने वाऱ्यावर असतात. मुलगा बाजूला उभा राहतो, शिकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ५८. बसायला हरकत नाही, पण दहा-पंधरा मिनिटेच, आणि मुलाला शेजारी उभे करून. ते आठ सेकंद कुठे जातात ते घड्याळ लावून पाहिले तर बहुतेकदा हात मंद नसतो. सुट्या भागांची पेटी उजवीकडे हवी ती मागे ठेवलेली असते.

दुसरी चूक कालच्या दोस्तीची. एका डब्यात जेवणाऱ्या दोस्तांपैकी एक जण लीडर झाला की सोपी स्टेशने आणि ओव्हरटाइम त्याच चार जणांकडे जातो, आणि डीबरिंगसारखे (धातूच्या कडा घासण्यासारखे) हात काळे करणारे काम कंत्राटी मुलांकडे. याचा पुरावा शोधायला चौकशी लागत नाही, महिन्याचे वाटपाचे रजिस्टर पुरते. उपाय साधा आहे: कामे आळीपाळीने फिरवावीत, दर दोन तासांनी स्टेशन बदलावे आणि हे वेळापत्रक बोर्डावर चिकटवावे.

तिसरी, सगळ्यांदेखत झापणे. पन्नाशीच्या ऑपरेटरला, ज्याला सगळी लाइन ‘काका’ म्हणते, सव्विशीच्या लीडरने चारचौघांत एकेरीत बोलले तर त्या दिवसापासून काका चूक झाकायला लागतात. सदोष नग लपवले जाणे हे लाइनवरचे सर्वांत महागडे नुकसान, कारण ते कळते तेव्हा माल ग्राहकाच्या गेटवर असतो. म्हणून ज्याने स्वतः हात वर करून ‘माझ्याकडून चुकलं’ सांगितले, त्याला त्या क्षणी काय उत्तर मिळते याकडे सगळी लाइन कान देऊन असते. वायरिंग हार्नेसच्या (वाहनातल्या वायरींचे जुडगे बनवण्याच्या) लाइनवर, जिथे बहुतेक ऑपरेटर बायका असतात, अनुभवी लीडरताई आधी लाइन थांबवतात, नग बाजूला काढतात आणि बोलणे चहाच्या सुट्टीत, बाजूला घेऊन करतात.

माणसे सांभाळण्यासाठी जुन्या वर्गात चार पाये सांगितले आहेत: काम कसे चालले आहे ते ज्याचे त्याला कळवणे, चांगल्याचे श्रेय तिथल्या तिथे देणे, बदल होणार असेल तर आधी सांगणे, आणि ज्याला जे येते त्याचा उपयोग करणे. यातला तिसरा सर्वांत जास्त मोडला जातो. रविवारी लाइन हलवली आणि सोमवारी सकाळी कामगारांना कळले, असे झाले की पुढचे दोन आठवडे कुरबुरीत जातात.

पाळीचा दिनक्रम

मुरलेला लीडर पाळीच्या पंधरा मिनिटे आधी येतो. मागच्या पाळीचे लॉगबुक वाचतो, बंद मशीन आणि अडकवून ठेवलेला माल पाहतो. हजेरी लागली की कौशल्य तक्त्यावरून माणसे लावतो. या तक्त्यात प्रत्येक नावापुढे, प्रत्येक कामासाठी चार पाकळ्यांचे वर्तुळ असते: एक पाकळी म्हणजे शिकतो आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकट्याने करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. प्रत्येक कामाला तीन पाकळ्यांची किमान तीन माणसे हवीत. गणपती, दिवाळी, गावची जत्रा, पेरणी या दिवसांत गैरहजेरी ठरलेलीच असते, त्यामुळे तक्त्यातली भोके दोन महिने आधी बुजवावी लागतात. ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने रंगवलेला तक्ता जाणकाराला दुरून ओळखू येतो.

मग पाच मिनिटांची उभी बैठक: कालची एक चूक, आजचा आकडा, सुरक्षेची एक गोष्ट. ती दहा मिनिटांवर गेली की भाषण होते. पहिला नग तपासून मंजूर झाल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. पुढे दर तासाला बोर्डावर ठरलेला आकडा, निघालेला आकडा आणि फरकाचे कारण. कारणाच्या रकान्यात ‘मशीन प्रॉब्लेम’ असे मोघम लिहिलेले चालत नाही. ‘क्लॅम्पचा (नग पकडणाऱ्या चिमट्याचा) सेन्सर, १२ मिनिटे’ असे लिहिले तरच मेंटेनन्सवाला येऊन काही करू शकतो. पाळी संपताना बसून आठही रकाने एकदम भरणारे लीडर पुष्कळ आहेत. त्यांच्या बोर्डावरचे आकडे फार गुळगुळीत असतात.

तयारीला लागणारा काळ

चांगल्या ऑपरेटरचा लीडर व्हायला चार ते सहा महिने धरावेत. पहिले दोन महिने तो रिलीव्हर म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या जागी तात्पुरता उभा राहून, प्रत्येक स्टेशनवर फिरतो. मग एक महिना जुन्या लीडरच्या मागे, हातात वही घेऊन. त्यानंतर आठवड्यातले दोन दिवस लाइन त्याच्या ताब्यात, जुना लीडर लांब उभा. या काळात त्याने निदान तीन कामांचे तक्ते लिहावेत आणि तीन माणसे शिकवून तयार करावीत. कागदावर ही मुदत सगळीकडे असते. प्रत्यक्षात जुना लीडर नोकरी सोडतो आणि नव्याला दुसऱ्या दिवशी शिट्टी मिळते. तयारी झाली की नाही हे पाहायची कारखान्यांतली परीक्षा सोपी आहे. नव्या लीडरला सांगून एक दिवस रजा घ्यायला लावतात आणि त्या दिवशीचा तासाचा बोर्ड पाहतात.