कातर रे भाजी: संमोहन उपचारामागचा कोकणी धागा

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूला, ब्राँझचा एक पुतळा आहे: मागे कलंडणारी स्त्री आणि तिच्यावर दोन्ही हात पसरून उभा असलेला झगाधारी पाद्री. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेले हे शिल्प पाहताना शक्ती त्या हातांतून निघते असे वाटते. परंतु ज्यांचा हा पुतळा, त्या आबे (फ्रेंचमध्ये पाद्री) फारिया यांचे म्हणणे नेमके उलट होते.

बार्देशातील कांदोळी गावी 1756 साली जन्मलेले जुझे कुस्तोदियु फारिया पंधराव्या वर्षी वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले. गोव्यात सांगतात की, राणीसमोर प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची वाचाच बसली, तेव्हा वडील हळूच कोकणीत म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी," म्हणजे समोरचे सगळे भाजीच समज आणि काप, आणि भीती सरून शब्द वाहू लागले. ही आख्यायिका आहे. तरी एका सूचनेने मन कसे पालटते, हे याहून सोपे करून सांगणारे उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या काळी युरोपात वैद्य मेस्मर यांच्या 'प्राणिज चुंबकत्वा'चा बोलबाला होता. उपचारकाच्या देहातून अदृश्य द्रव रुग्णात वाहतो, हा त्यांचा दावा बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए ज्यात होते त्या आयोगाने 1784 साली फेटाळला आणि परिणामाचे श्रेय रुग्णाच्या कल्पनाशक्तीला दिले. फारिया तेथेच न थांबता पुढे गेले. 1813 पासून पॅरिसमध्ये ते माणसाला आरामात बसवत, डोळे मिटून मन एकाग्र करायला लावत आणि "झोपा" अशी आज्ञा देत; जे घडते ते त्या माणसाच्या एकाग्रतेने आणि स्वीकाराने घडते, असे त्यांनी मांडले. पुढे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी या अवस्थेला 'हिप्नॉटिझम', म्हणजे संमोहन, हे नाव रूढ केले आणि फ्रान्समधील नॅन्सी येथील डॉक्टर बर्नहाइम यांनी सूचनेलाच उपचाराचे केंद्र मानले.

मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनीही सुरुवातीला संमोहन वापरले आणि नंतर ते सोडून मुक्त साहचर्याकडे, म्हणजे मनात येईल ते रुग्णाला न अडवता बोलू देण्याकडे, वळले. मनोविश्लेषणात रुग्ण बोलत जातो व अर्थ हळूहळू उलगडतो. वर्तनोपचारात जागेपणी विचार तपासून सवयी बदलल्या जातात. संमोहनात मात्र लक्ष एका बिंदूवर आणून, त्या स्थितीत वेदना, भीती किंवा पोटाच्या जुनाट तक्रारींविषयी सूचना दिल्या जातात. म्हणूनच आज ते बहुधा इतर उपचारांच्या जोडीने वापरतात. विसरलेल्या आठवणी खणून काढण्यासाठी मात्र ते वापरू नये, कारण त्या अवस्थेत खोटी आठवणही खरी वाटू शकते.

आपल्या किनाऱ्यावर आजही कोणी संमोहनाचे नाव काढले की घरातली मोठी माणसे भगताची, अंगात येण्याची गोष्ट काढतात आणि रुग्ण दचकतो, आपले मन दुसऱ्याच्या ताब्यात जाईल म्हणून. वास्तविक त्या अवस्थेतील माणूस ऐकत असतो, नको असलेली सूचना नाकारू शकतो आणि वाटेल तेव्हा डोळे उघडू शकतो.