झोपाळ्याने सांगितलेला वेग

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांनी काढलेल्या घरगुती सिनेमाची तीन रिळं आहेत. आठ मिलिमीटरची, साठच्या दशकातली. त्यांतल्या एकाची डीव्हीडी आम्ही वीसेक वर्षांपूर्वी करून घेतली होती. दुकानदाराने भिंतीवर सिनेमा लावला आणि समोर व्हिडिओ कॅमेरा मांडला. १९८४ च्या आगीआधीचा राजवाडा दिसला, आजी दिसली, पण सेकंदाला दोनदा चित्रावर झाकोळ यायचा. पाच मिनिटांत डोकं दुखायला लागे.

दोष दुकानदाराचा नव्हता, गणिताचा होता. प्रोजेक्टर फीत सलग ओढत नाही. एक बारीक नखी कडेच्या छिद्रात अडकते, एक फ्रेम खाली खेचते, क्षणभर थांबते, पुन्हा खेचते. खेचताना चित्र फरफटलेलं दिसू नये म्हणून दिव्याच्या वाटेत तीन पाती फिरत असतात. सेकंदाला १६ फ्रेम, प्रत्येक फ्रेमला तीन उघडझापी, म्हणजे ४८. आपल्याकडचा तेव्हाचा व्हिडिओ मात्र सेकंदाला ५० वेळा पाहायचा. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाजात जी लाट येते ना, तीच इथे उजेडात येते: ५० वजा ४८, सेकंदाला दोन लाटा. जाणकार माणूस प्रोजेक्टर किंचित वाढवून १६.६७ वर आणायचा. त्याला तीनने गुणलं की बरोबर ५०, आणि झाकोळ गायब.

आता भिंत आणि प्रोजेक्टर दोन्ही मधून गेले. स्कॅनर एकेका फ्रेमचा स्वतंत्र फोटो काढतो. फ्रेम केवढी? जेमतेम ४.५ बाय ३.३ मिलिमीटर, आपल्या खिचडीतल्या साबुदाण्याएवढी. त्यावर धुळीचा कण म्हणजे आजीच्या कपाळावर धोंडाच. जुनी फीत आकसलेली असते, छिद्रांचं अंतर कमी झालेलं असतं, त्यात दाते घातले तर ती फाटते. म्हणून चांगल्या यंत्रात दाते नसतात. गुळगुळीत रुळांवरून फीत सरकते, कॅमेरा छिद्र कुठे आहे ते बघतो आणि संगणक त्यावरून चित्र जागेवर बसवतो. दिवा एलईडीचा, थंड. प्रोजेक्टरमध्ये फीत अडकली की फ्रेम डोळ्यांदेखत वितळायची, ती भीती इथे नाही.

आमच्या ५० फुटी रिळातून जवळपास ४००० फोटो निघाले. आजोबांचा कॅमेरा १९३२ साली कोडॅकने आणलेल्या पद्धतीचा होता: फीत खरी १६ मिलिमीटर रुंद आणि २५ फूट लांब. अर्धी रुंदी वापरायची, रीळ उलटून पुन्हा भरायचं, उरलेली अर्धी वापरायची. लॅबमध्ये मधोमध कापून दोन तुकडे जोडत. म्हणूनच आमच्या सिनेमाच्या मध्यावर एक नारिंगी भडका आहे. रीळ उलटताना आत शिरलेलं ऊन आहे ते.

फोटो जोडून फाइल उघडली, तर आजी राजवाड्यासमोरून धावत सुटलेली! संगणकाने सेकंदाला २५ फ्रेम धरल्या होत्या, सव्वाचार मिनिटांचं रीळ दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपलं. मग खरा वेग कोणता? गंमत अशी की तो फितीत कुठे लिहिलेलाच नसतो. फितीवर फक्त स्थिर चित्रं असतात. आठ मिलिमीटरला १६ चा रिवाज, पण काही कॅमेरे १८ चे असत. १९६५ साली आलेल्या सुपर एट या आठ मिलिमीटरच्याच नव्या पद्धतीचा वेग तर १८ च.

उत्तर ओसरीवर सापडलं. एका दृश्यात मावशी झोपाळ्यावर बसली आहे. झोपाळा म्हणजे लंबकच. बसणारं माणूस जाड की बारीक याने त्याच्या लयीत फारसा फरक पडत नाही, लांबीने पडतो. तुळईतल्या कड्या अजून आहेत. कडीपासून फळीपर्यंत टेप लावली: २.४५ मीटर. बसलेल्या माणसाचा तोल फळीच्या थोडा वर असतो, म्हणून अदमासे २० सेंटिमीटर वजा केले. २.२५ मीटरच्या लंबकाला जाऊन परत यायला तीन सेकंद लागतात. मी फ्रेम मोजल्या: ४८. म्हणजे सेकंदाला १६. कॅमेरा १८ चा असता तर ५४ भरल्या असत्या. अंदाज ढोबळ आहे, पण एवढा वाद मिटवायला पुरला.

त्याच दृश्याच्या शेवटी मात्र एका झोक्याला ४४ च फ्रेम आहेत. कॅमेरा चावीचा, चावी संपत आली की मंदावायचा. त्या काही सेकंदांपुरती लय मी हाताने दुरुस्त केली आणि आईला दाखवलं. ती म्हणाली, "आजी अजून भराभरा चालतेय." पुन्हा मोजलं, १६ च. "असू दे, ती चालायचीच तशी."

मूळ फोटो जसेच्या तसे ठेवले आहेत, १६ च्या वेगाची फाइल वेगळी. २५ ची करायची तर दर सेकंदाला नऊ फ्रेम दुबार घालाव्या लागतात आणि चाल अडखळते.

तिसऱ्या रिळाचा डबा उघडला तेव्हा व्हिनेगरचा वास आला. फितीचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा. दमट हवेत तो विघटित होतो, ॲसिटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल पुढचं विघटन वाढवतं. बंद डब्यात वाफ कोंडली की काम आणखी झपाट्याने. ते रीळ बाकी दोघांपासून लांब, दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं आहे. पावसाळा लागायच्या आत पहिला नंबर त्याचाच.