कापलेला कान म्हणजे आजारी कुत्रा नव्हे

प्राण्यांच्या आश्रयगृहात कुत्रा दत्तक घ्यायला आलेली माणसं एका ठिकाणी हमखास अडतात. कुत्रा शांत असतो, शेपूट हलवत जवळ येतो, पण त्याच्या कानाच्या टोकाला खाच दिसते. मग कुजबुज सुरू होते: ‘याला काहीतरी रोग असणार’, ‘कुणाला तरी चावला असेल, म्हणून खूण केलीय.’ हा समज साफ चुकीचा आहे.

ती खाच निर्बीजीकरणाची खूण आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याची शस्त्रक्रिया भूल देऊन करतात, त्याच भुलेत कानाचा छोटा तुकडा कापतात आणि रेबीजची लसही टोचतात. त्याच कुत्र्याला पुन्हा पकडून पोट उघडायला नको, म्हणून लांबूनही दिसेल अशी ही खूण. केंद्र सरकारच्या 2001 च्या नियमांपासून ही पद्धत आहे. 2023 मध्ये नवे नियम आले, तरी खूण कायम राहिली. डॉबरमनचे कान हौसेखातर कापतात, त्याच्याशी हिचा काही संबंध नाही, आणि ती हौस मला क्रूरच वाटते.

एक मात्र ध्यानात ठेवा. खाच आयुष्यभर टिकते, लसीचा असर टिकत नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की वाचणं जवळपास अशक्य, म्हणून दत्तक घेताना शेवटची लस कधी दिली ते विचारा, कागद मागा, आणि दरवर्षी बूस्टर चुकवू नका. पिल्लंच हवीत म्हणून हटून बसलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं: खाच असलेल्या त्या मोठ्या कुत्र्याजवळ दहा मिनिटं बसून बघा.