देशीयकरणाने मिळणारे भारतीय नागरिकत्व

परदेशी नागरिक दीर्घकाळ भारतात राहिल्यावर अर्ज करून भारताचे नागरिकत्व मिळवतो, त्या कायदेशीर मार्गाला देशीयकरण म्हणतात. नागरिकत्व अधिनियम, १९५५ मध्ये नागरिकत्वाचे पाच मार्ग आहेत: जन्म, वंश, नोंदणी, देशीयकरण आणि प्रदेशाचे विलीनीकरण. देशीयकरणाची तरतूद कलम ६ मध्ये असून त्याच्या अटी तिसऱ्या अनुसूचीत दिल्या आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ५ ते १० मध्ये संविधान लागू होताना नागरिक कोण, एवढेच ठरवले होते. पुढचे नियम करण्याचा अधिकार अनुच्छेद ११ ने संसदेला दिला आणि त्यातून हा कायदा आला.

नोंदणी आणि देशीयकरण यांत नेहमी गल्लत होते. भारतीय वंशाची व्यक्ती, भारतीय नागरिकाशी विवाह केलेली व्यक्ती, तसेच परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड (ओसीआय; नाव असे असले तरी हे नागरिकत्व नव्हे) असलेली व्यक्ती यांचे अर्ज कलम ५ खाली, म्हणजे नोंदणीने, निकाली निघतात. सोनिया गांधी यांना १९८३ मध्ये मिळालेले नागरिकत्व या प्रकारातले होते. देशीयकरण हा मुख्यतः ज्याचे भारताशी रक्ताचे किंवा लग्नाचे नाते नाही, त्याच्यासाठीचा रस्ता. गोमंतकीयांना तर यातले काहीच करावे लागले नाही. गोवा, दमण व दीव भारतात सामील झाल्यावर १९६२ च्या आदेशाने तिथे जन्मलेले लोक, तसेच ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा तिथे जन्मले होते असे लोक, २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानले गेले. ज्यांना आधीचे नागरिकत्व ठेवायचे होते, त्यांना तसे लेखी कळवण्यासाठी मुदत दिली होती.

पात्रता. अर्जदार सज्ञान आणि सक्षम हवा, आणि तो अवैध स्थलांतरित नसावा. ही शेवटची अट २००३ च्या दुरुस्तीने आली आणि अनेकांचे अर्ज तिथेच अडतात. वैध कागदपत्रांशिवाय आलेला माणूस अवैध ठरतोच, पण रीतसर व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर राहिलेलाही त्याच व्याख्येत बसतो. म्हणून व्हिसाची मुदतवाढ वेळच्या वेळी घेत राहणे हे जाणकार वकील पहिल्याच भेटीत बजावतात.

वास्तव्याचा हिशेब बारा वर्षांचा आहे, पण तो सलग बारा वर्षांचा नाही. समजा, एखाद्याने १ जुलै २०२५ रोजी अर्ज केला. त्याच्या आधीचे पूर्ण वर्ष, म्हणजे १ जुलै २०२४ पासून ३० जून २०२५ पर्यंत, त्याचे वास्तव्य भारतात हवे. त्याआधीच्या चौदा वर्षांत, म्हणजे १ जुलै २०१० पासून, एकूण किमान अकरा वर्षे भरली पाहिजेत. याचा अर्थ त्या चौदा वर्षांत तो तीन वर्षांपर्यंत बाहेर राहिला असला तरी चालते. शेवटच्या वर्षात मात्र सवड जवळजवळ नाही. विशेष परिस्थितीत केंद्र सरकार कारणे नोंदवून जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकते. त्यामुळे परदेशातल्या आजारी आईला भेटायला जायचे की नाही, हा प्रश्न त्या वर्षात निव्वळ घरगुती राहत नाही. मूळ कायद्यात एकूण पाच वर्षांचे वास्तव्य पुरे होते. १९८६ मध्ये ते दहा झाले आणि २००३ च्या दुरुस्तीने बारा. दार दर वेळी थोडे अधिक लोटले गेले, असेच म्हणावे लागते.

उरलेल्या अटी कागदावर सोप्या दिसतात. चारित्र्य चांगले हवे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान हवे. मराठी आणि कोकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत, इंग्रजी नाही. त्यामुळे मुंबईत वीस वर्षे इंग्रजीवर निभावून नेणाऱ्या परदेशी माणसालाही कुठलीतरी भारतीय भाषा शिकावीच लागते. भारतात राहण्याचा किंवा इथल्या सरकारी अथवा अन्य संस्थेच्या सेवेत राहण्याचा इरादा हवा. ज्या देशाचा कायदा भारतीयांना देशीयकरणाने नागरिकत्व देत नाही, त्या देशाचा नागरिक इथे पात्र ठरत नाही. आणि अर्ज मंजूर झाल्यास मूळ नागरिकत्व सोडण्याची हमी द्यावी लागते, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही.

विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांत असाधारण सेवा केलेल्या व्यक्तीला केंद्र सरकार यांतील काही किंवा सर्व अटी माफ करू शकते. गायक अदनान सामी यांना जानेवारी २०१६ मध्ये नागरिकत्व मिळाले तेव्हा याच तरतुदीचा आधार घेतला गेला. बाहेरून येऊन इथलेच झालेले सगळेच असे प्रसिद्धीच्या झोतात नसतात. अमेरिकेतून येऊन फलटणच्या मराठी बोलीवर संशोधन करणाऱ्या आणि तिथेच प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनीही भारतीय नागरिकत्व घेतले.

अर्जाची प्रक्रिया. अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि त्याची प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. देशीयकरणासाठी नागरिकत्व नियम, २००९ मधील नमुना आठ वापरतात. पासपोर्ट, वास्तव्य परवाना, स्वतःचे प्रतिज्ञापत्र, चारित्र्याबद्दल दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे आणि भाषाज्ञानाचा दाखला जोडावा लागतो. शिवाय आपण नागरिकत्वासाठी अर्ज करणार असल्याची सूचना जिल्ह्यात खपणाऱ्या वृत्तपत्रात छापून तिची कात्रणे द्यावी लागतात. जमीन खरेदीच्या जाहीर नोटिशीशेजारी अशी चार ओळींची सूचना कधीतरी दिसते, ती याचसाठी.

नियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांनी साठ दिवसांत अहवालासह अर्ज राज्य सरकारकडे पाठवायचा आणि राज्याने तीस दिवसांत शिफारशीसह केंद्राकडे. मधल्या काळात पोलीस आणि गुप्तवार्ता यंत्रणांची चौकशी होते, आणि वेळ खरा लागतो तो तिथे. केंद्राचा होकार आल्यावर अर्जदाराने मूळ नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यायचा असतो. हा टप्पा दुसऱ्या देशाच्या हातात आहे. पाकिस्तानच्या कायद्यात एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत नागरिकत्व सोडता येत नाही, त्यामुळे पासपोर्ट परत केला तरी सोडल्याचा दाखला नाही, अशा पेचातली मुले केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. शेवटी संविधानाशी निष्ठेची शपथ घेतली जाते आणि प्रमाणपत्र मिळते. त्या प्रमाणपत्राच्या तारखेपासून माणूस भारतीय. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र केवळ जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले.

अटी पूर्ण केल्या म्हणजे नागरिकत्व हक्काने मिळते, असे मात्र नाही. कलम १४ प्रमाणे अर्ज नाकारताना कारण देण्याचे बंधन सरकारवर नाही. तीस दिवसांत पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो, पण कारणच माहीत नसताना त्यात लिहायचे काय, ही अडचण उरतेच.

२०१९ नंतर. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना २०१९ च्या दुरुस्तीने अवैध स्थलांतरिताच्या व्याख्येतून वगळले आणि अकरा वर्षांची अट पाचवर आणली. मुसलमानांना वगळल्यावरून मोठी आंदोलने झाली आणि या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. त्यांत जिल्हाधिकारी आणि राज्य सरकार यांना बाजूला ठेवून अर्जांची छाननी डाक अधीक्षकांच्या जिल्हास्तरीय समितीकडे आणि निर्णय जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील अधिकारप्राप्त समितीकडे दिला आहे. त्याआधी डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने याच समुदायांसाठी मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना थेट अधिकार दिले होते. पाकिस्तानातून येऊन या शहरांत राहिलेल्या सिंधी कुटुंबांना त्याचा उपयोग झाला.

नंतरची स्थिती. देशीयकरणाने झालेला नागरिक मतदान करू शकतो, निवडणूक लढवू शकतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जन्माने नागरिक असावा लागतो. भारतात राष्ट्रपतिपदालाही तशी अट नाही. फरक आहे तो कलम १० मध्ये. फसवणूक करून प्रमाणपत्र मिळवणे, संविधानाशी द्रोह, युद्धकाळात शत्रूला मदत, किंवा नागरिकत्व मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कोणत्याही देशात दोन वर्षे वा अधिक कैदेची शिक्षा, या कारणांवरून सरकार ते काढून घेऊ शकते. सलग सात वर्षे परदेशी राहणेही त्यात आहे. त्याला अपवाद विद्यार्थी, भारत सरकारच्या किंवा भारत सदस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सेवेतील व्यक्ती, आणि आपले नागरिकत्व ठेवायचे आहे अशी नोंद दरवर्षी भारतीय वकिलातीत करणारे लोक.