मोठी डिस्क लावली की गाडी लवकर थांबते?

स्पोर्ट्स कार घेतली की सल्ला ठरलेला: "मोठी डिस्क आणि सहा पिस्टनचा कॅलिपर टाक, गाडी जागच्या जागी थांबेल." (डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती; कॅलिपर म्हणजे पिस्टनने पॅड दाबून ती पकडणारा चिमटा.) नाही थांबणार. गाडी शेवटी टायर थांबवतो. कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरत असेल, तर एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सुरू झालंय. म्हणजे टायरची पकड संपवण्याइतका जोर कंपनीच्या ब्रेकमध्ये आहेच. आणखी जोर घेऊन करणार काय?

मोठ्या डिस्कचा खरा फायदा उष्णता सोसण्यात. ट्रॅकवर फेरीमागून फेरी ब्रेक तापतात, तिथे ती हवीच. रस्त्यावर तशी वेळ येते ती फार तर ताम्हिणीसारखा घाट सुसाट उतरताना. आणि तिथेही बऱ्याचदा दगा देतं ते जुनं ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा जोर नळीतून ब्रेकपर्यंत नेणारा द्रव. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू मानकानुसार नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा शिरल्यावर किमान १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल भसकन खाली जातं.

त्यामुळे पैसे आधी टायर, ऑइल आणि पॅडवर घाला. भोकांची डिस्क दिसते झकास, पण सततच्या तापण्याने तिला भेगा बहुधा त्या भोकांपासूनच पडतात.